विश्लेषण : डिझायनरविना घर सजवताना पैसे कुठे वाचतात, कुठे बुडतात?

नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत बहुतेक कुटुंबांची बचत डाउन पेमेंट, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीत संपलेली असते. गृहकर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात आणि नेमक्या त्याच वेळी कपाटे, ओटा, रंग, दिवे, पडदे असा खर्च पुढ्यात येऊन उभा राहतो. अशा वेळी इंटिरियर डिझायनरला फाटा देऊन स्वतःच घर लावण्याचा निर्णय अनेक जण घेतात. निर्णय चुकीचा नाही. मात्र डिझायनरचे शुल्क वाचले तरी त्याचे काम उरतेच. मोजमाप, हिशेब, परवानग्या, कारागिरांचा मेळ हे सारे घरमालकाच्या अंगावर येते. ते काम नेमके कोणते, कोणत्या गोष्टी बिनधास्त स्वतः कराव्यात आणि कुठे तज्ज्ञाशिवाय हात लावू नये, याविषयी…

डिझायनर नेमणे बंधनकारक आहे का?

नाही. ‘वास्तुविशारद’ ही पदवी लावण्यासाठी वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार नोंदणी आवश्यक असते. इंटिरियर डिझायनरसाठी मात्र असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे या व्यवसायात रीतसर शिक्षण घेतलेले, वर्षानुवर्षांचा अनुभव असलेले तज्ज्ञ आहेत, तसेच कालपर्यंत केवळ फर्निचर विकणारेही आहेत. शुल्काची पद्धतही एकसारखी नसते. कुणी चौरस फुटामागे दर सांगतो, कुणी एकूण खर्चाच्या टक्केवारीत पैसे घेतो, तर कुणी सामान आणि मजुरी धरून उक्ता आकडा देतो. या शेवटच्या प्रकारात डिझाइनचे पैसे किती आणि प्लायवुडचे किती, हे ग्राहकाला कळतच नाही.

चांगला डिझायनर घर देखणे करतो, पण त्याचे खरे काम वेगळेच असते. चुका कागदावरच पकडणे, कारागिरांचा क्रम लावणे आणि सामानाची प्रत तपासणे यांतून तो आपल्या शुल्काची भरपाई करून देतो. रंगसंगती घरच्यांनाही जमते. ही तीन कामे जमली, तर डिझायनरविना अडत नाही.

परवानगी कशासाठी लागते?

रंगकाम, फर्निचर, पडदे, दिव्यांची मांडणी, ओट्यावरील कपाटे ही कामे साधारणपणे सोसायटीला लेखी कळवून करता येतात. अनेक सोसायट्या कामाच्या वेळा ठरवून देतात आणि परत मिळणारी अनामत रक्कमही घेतात. खांब, तुळई आणि भारवाहक भिंत यांना हात लावणे, बाल्कनी बंदिस्त करणे, न्हाणीघराची जागा बदलणे ही कामे त्या पठडीत बसत नाहीत. त्यांसाठी सोसायटीची मंजुरी, संरचना अभियंत्याचा सल्ला आणि कामाच्या स्वरूपानुसार स्थानिक नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते.

ही औपचारिकता का पाळायची, याचे उत्तर मुंबईने २५ जुलै २०१७ रोजी पाहिले. घाटकोपरमधील ‘सिद्धी साई’ ही इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी रहिवाशांनी केला होता. एका सदनिकेत पाडलेली भिंत वरच्या सगळ्या मजल्यांचा प्रश्न होऊ शकते.

नव्या मनोऱ्यांत हा धोका अधिक फसवा आहे. ‘मायवान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम साच्यांच्या पद्धतीत विटांच्या जागी काँक्रीटच्याच भिंती ओतलेल्या असतात आणि त्यांतील अनेक भिंती इमारतीचा भार पेलतात. दिसायला ती साधी मधली भिंत असते. प्रत्यक्षात तिच्यात सळया असतात. स्विचबोर्ड हलवण्यासाठी तिच्यात आडवी खाच मारणेही घातक ठरू शकते. अशा घरात वायरी बाहेरून पट्टीतून किंवा फर्निचरच्या मागून नेणे हाच शहाणपणा.

जुन्या इमारतींत वजनाचा विचार करावा लागतो. जुन्या लादीवरच नवी लादी बसवण्याचा मोह होतो, कारण तोडफोड वाचते. पण ५ सेंटिमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा थर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरतो. म्हणजे १० बाय १२ फुटांच्या एका खोलीत लादीखेरीज एक टनाहून अधिक वजन वाढते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे पाच वर्षांतून एकदा, तर त्याहून जुन्या इमारतींचे तीन वर्षांतून एकदा संरचना परीक्षण अपेक्षित आहे. काम काढण्यापूर्वी तो अहवाल सोसायटीकडे मागून वाचावा.

‘रेरा’चा याच्याशी काय संबंध?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अर्थात ‘रेरा’ कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील संरचनात्मक दोष किंवा कारागिरी, दर्जा यांतील उणिवा निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने ३० दिवसांत त्या विनामूल्य दुरुस्त करून देणे बंधनकारक आहे. नव्या घरात गळती, भेगा, पोकळ वाजणाऱ्या लाद्या यांसाठी हे मोठे संरक्षण आहे. पण ताबा मिळताच भिंती फोडल्या, न्हाणीघराची लादी उखडली, तर पुढे गळती झाल्यावर ‘तुमच्याच कामामुळे झाली’ असे म्हणण्याची संधी विकासकाला मिळते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक भिंत, छत, खिडकीची चौकट, नळ यांची छायाचित्रे आणि चित्रफिती तारखेसह काढून ठेवाव्यात. दोष लेखी, शक्यतो ई-मेलने कळवावेत. शक्य असल्यास एक पावसाळा जाऊ द्यावा. कोणती भिंत ओल धरते हे पावसाइतके स्पष्ट कुणी सांगत नाही, आणि त्याच भिंतीला कपाट चिकटवण्याची चूक टळते.

सुरुवात मोजपट्टीने का करायची?

माहितीपत्रकातील आकडा आणि प्रत्यक्ष वापराची जागा एक नसते. ‘रेरा’च्या व्याख्येतील चटई क्षेत्रात घरातील मधल्या भिंतींखालची जागाही धरलेली असते. त्यामुळे प्रत्येक खोली स्वतः मोजावी लागते. मोबाइलमधील मोजमापाची ॲप अंदाजापुरती ठीक आहेत. सुतारकामाचा हिशेब मात्र सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात चालतो. तिथे पोलादी टेपच हवी.

लांबी-रुंदी किमान तीन ठिकाणी मोजावी : जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि वर. भिंती क्वचितच सरळ ओळंब्यात असतात. खोलीचे कोपरे गुण्यात आहेत का, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरले, तर कोपरा काटकोनात आहे. नसेल तर तयार कपाटामागे पाचरीसारखी फट राहणार हे आधीच कळते. खिडकीची जमिनीपासून उंची, दार कोणत्या बाजूला उघडते, तुळई किती खाली येते, स्विचबोर्ड कुठे आहेत, हेही त्याच कागदावर हवे.

मग येते जागेची बेरीज-वजाबाकी. १० बाय १२ फुटांच्या शयनगृहाचे उदाहरण घेऊ. ६ फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब पलंग १० फुटी भिंतीच्या मधोमध लावला, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. समोरच्या भिंतीला २ फूट खोलीचे कपाट केले, तर पलंग आणि कपाट यांच्यामध्ये साडेतीन फूट राहतात. दीड फुटी पल्ले उघडून माणूस उभा राहायला एवढे पुरते. मात्र पलंगाच्या पायथ्याशी बाकडे ठेवायचे म्हटले, की गणित कोलमडते. पलंग ५ फुटी घेतला, तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट मिळतात. येण्याजाण्याच्या वाटेला किमान अडीच, शक्यतो तीन फूट मोकळे सोडावेत. जेवणाच्या खुर्चीमागेही तेवढीच जागा लागते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर रद्दीचे कागद कापून-चिकटवून फर्निचरच्या मापाचे तुकडे जमिनीवर पसरावेत आणि दोन दिवस घरात तसेच वावरावे. ‘स्वीट होम ३डी’सारख्या मोफत संगणक प्रणालीत नकाशा काढता येतो. पण कागदाला पाय लागतो, तेव्हा जे कळते ते पडद्यावर कळत नाही. एक माप मात्र हमखास विसरले जाते : लिफ्टचे दार आणि जिन्याचे वळण. सोफा दिवाणखान्यात मावतो, पण सातव्या मजल्यावर पोहोचतच नाही, असे होऊ नये.

कपाटाचा खर्च आधी कसा काढायचा?

बाजारात कपाटाचा दर बहुतेकदा समोरच्या बाजूच्या चौरस फुटांवर सांगितला जातो. ७ फूट उंच आणि ६ फूट रुंद कपाट म्हणजे ४२ चौरस फूट. पण या दरात आत किती कप्पे, किती खण, कोणते प्लायवुड, कोणत्या बिजागऱ्या, हे दडलेले असते. दोन दरपत्रकांची तुलना त्यामुळेच फसते. त्यापेक्षा सामान वेगळे मोजावे.

याच कपाटाचा हिशेब पाहा. दोन बाजू आणि एक मधली उभी फळी, प्रत्येकी ७ बाय २, म्हणजे ४२ चौरस फूट. वरची आणि खालची फळी मिळून २४. आतले पाच कप्पे, प्रत्येकी ६ बाय २, म्हणजे ६०. समोरचे पल्ले ४२. एकूण १६८ चौरस फूट. प्लायवुडचा ताव ८ बाय ४, म्हणजे ३२ चौरस फुटांचा असतो. सव्वापाच ताव लागतात, कापणीतील नासधूस धरून सहा. मागच्या बाजूला ६ मिलिमीटर जाडीचे दोन ताव. याला सनमायका, आतल्या बाजूचा पातळ लॅमिनेट, फेव्हिकॉल, बिजागऱ्या, कुलपे, मुठी यांचा खर्च जोडला आणि मजुरी वेगळी विचारली, की खरा आकडा हाती येतो. सुताराने या कपाटासाठी दहा ताव सांगितले, तर का, हे विचारण्याचे बळही येते.

खण वाढले की खर्च वाढतो, कारण प्रत्येक खणाला चार बाजू, तळ आणि सरकत्या पट्ट्या लागतात. दोन-तीन खण आणि बाकी उघडे कप्पे, त्यात बाजारातील टोपल्या, ही मांडणी स्वस्त पडते. साड्या आणि कोट टांगण्यासाठी २२ ते २४ इंच खोली हवी. पुस्तकांना १० ते १२ इंच पुरतात. सगळीच कपाटे २ फूट खोल करणे म्हणजे प्लायवुड आणि खोली दोन्ही वाया घालवणे.

प्लायवुड खरे की खोटे, कसे ओळखावे?

‘वॉटरप्रूफ’ आणि ‘मरीन’ हे शब्द दुकानात सर्रास वापरले जातात. त्यांच्यापेक्षा तावावरील मानक क्रमांक पाहावा. सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडसाठी आयएस ३०३, तर पाण्याशी सतत संपर्क येणाऱ्या मरीन प्लायवुडसाठी आयएस ७१० हे भारतीय मानक आहे. बैठकीची खोली आणि शयनगृह यांना पहिला प्रकार पुरतो. सिंकखालच्या कपाटात आणि न्हाणीघरालगतच्या भिंतीला दुसऱ्यावर खर्च करावा. घरभर महागडे मरीन वापरण्याची गरज नसते. तावावर आयएसआय चिन्हासोबत परवाना क्रमांक छापलेला असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो. १८ मिलिमीटर सांगून १६ मिलिमीटरचा ताव देणे ही जुनी क्लृप्ती आहे. साध्या पट्टीने कडेची जाडी मोजली तरी ती उघडी पडते.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ स्वस्त आणि सपाट असतात. कोरड्या जागी ते चालतात. पण पाणी लागले की फुगतात आणि एकदा निघालेला स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाही. कोकणपट्टीतील दमट हवेत हा फरक लवकर दिसतो. किनाऱ्याजवळच्या घरांत बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. प्लायवुड किंवा बोर्डमधील डिंकातून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. ‘ई-१’ किंवा ‘ई-०’ प्रतीत त्याचे प्रमाण कमी असते. काम झाल्यावर काही दिवस कपाटांची दारे आणि खिडक्या उघड्या ठेवल्या, तर डोळे चुरचुरणे टळते. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर हे विसरू नये.

स्वयंपाकघरात कुठे चूक होते?

ओट्याच्या उंचीत. ओटा ‘स्टँडर्ड’ उंचीचा करून टाकू, असे कारागीर म्हणतो. पण रोज दोन-तीन तास तिथे उभे कोण राहणार, यावर उंची ठरायला हवी. हात कोपरात वाकवून उभे राहावे आणि कोपराच्या उंचीतून ४ ते ६ इंच वजा करावेत. चिरणे, मळणे यांसाठी ती उंची सोयीची. शेगडीचा प्रकार इथे महत्त्वाचा ठरतो. ओट्यावर ठेवायची शेगडी काही इंच वर येते, तर ओट्यात बसवलेली जवळपास त्याच पातळीवर राहते. उंच शेगडीवर पाच लिटरचा कुकर चढवला, की बेताच्या उंचीच्या बाईला आत डोकावताही येत नाही. शेगडी आधी ठरवावी, ओटा नंतर.

सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्यामध्ये येरझाऱ्या कमी व्हाव्यात. सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये किमान दोन फूट मोकळा ओटा हवा. चिरलेली भाजी, ताटे, कणकेची परात यांची तीच जागा. शेगडी खिडकीच्या थेट खाली नको, वाऱ्याने आच विझते. गॅसच्या रबरी नळीवर आयएसआय चिन्ह असावे, ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि पाच वर्षांनी बदलावी. पाइपगॅसची जोडणी हलवायची असेल, तर ती गॅस कंपनीकडूनच करून घ्यावी. फर्निचरमध्ये पाइप कोंबून दार बंद करणे जीवावर बेतू शकते. सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास खालीच साचतो.

विजेचे काम स्वतः करता येते का?

आखणी स्वतः करावी, जोडणी परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. आखणीसाठी प्रत्येक भिंतीचे चित्र काढून तिथे काय लागणार ते लिहावे : पलंगाच्या दोन्ही बाजूंना चार्जिंग, ओट्यावर मिक्सर आणि किटली, दारापाशी वायफायचा डबा, देव्हाऱ्याजवळ एक जोड. हे फर्निचरच्या नकाशानंतर करायचे. नाही तर हवा तो सॉकेट कपाटामागे गाडला जातो.

दिव्यांना साधारण १.५, सॉकेटना २.५ आणि एसी-गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली जाते. एसी आणि गिझर यांना स्वतंत्र जोडणी व स्वतंत्र एमसीबी हवा. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्यास विजेचा धक्का बसताच तो पुरवठा तोडतो. गिझर २ किलोवॅट, इंडक्शन शेगडी २ किलोवॅट आणि दीड टनी एसी सुमारे दीड किलोवॅट, म्हणजे तीन उपकरणेच साडेपाच किलोवॅटवर जातात. वीजबिलावरील ‘मंजूर भार’ तेवढा आहे का, हे पाहावे. कमी असल्यास वीज कंपनीकडे अर्ज करून वाढवून घ्यावा.

प्रकाशाबाबत एकच नियम बहुतेक चुका टाळतो : छताच्या मधोमध एक झगझगीत दिवा लावण्यापेक्षा जिथे काम होते तिथे दिवा लावावा. ओट्यापाशी उभे राहिले की मागच्या दिव्यामुळे आपलीच सावली विळीवर पडते. वरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी लावली की प्रश्न मिटतो. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. ३००० केल्विन पिवळसर, ४००० मध्यम आणि ६५०० निळसर पांढरा. झोपण्याच्या खोलीत पहिला, स्वयंपाकघर आणि अभ्यासाच्या टेबलाजवळ दुसरा बरा वाटतो. एकाच खोलीत दोन वेगळे रंग मिसळले, की महागडा रंगही मळकट दिसतो.

रंग किती लागतो आणि कधी लावावा?

१० बाय १२ फुटांच्या, ९ फूट उंच खोलीच्या चार भिंती ३९६ चौरस फूट भरतात. दार आणि खिडकी वगळता सुमारे ३५५. गुळगुळीत पुट्टीवर दोन हातांसाठी १ लिटर रंग साधारण १०० ते १४० चौरस फुटांना पुरतो. नेमका आकडा डब्यावर असतो. म्हणजे ४ लिटरचा एक डबा भिंतींना पुरेसा आहे. रंगाऱ्याने दहा लिटर सांगितले, तर हिशेब विचारावा.

दुकानातील छापील पट्टीवरचा रंग भिंतीवर अधिक गडद भासतो. त्यामुळे लहान नमुना डबी घेऊन भिंतीवर २ बाय २ फुटांचा चौकोन रंगवावा आणि सकाळी, दुपारी व दिवे लावल्यावर पाहावा. पावसाळ्यात भिंती ओलसर असताना रंग लावल्यास फुगे येतात, पोपडे निघतात. लाकडावरील पॉलिशही दमट हवेत पांढुरके पडते. दिवाळीच्या तोंडावर कारागीर मिळत नाहीत. ज्यांना घाई नाही, त्यांनी डिसेंबर ते मे हा काळ निवडावा. भिंतीवर ओल असेल, तर आधी तिचे मूळ शोधावे. महागडा रंग ओल झाकत नाही, फक्त काही महिने पुढे ढकलतो.

कामाचा क्रम कसा असावा?

आधी तोडफोड. मग नळ आणि विजेच्या नळ्या. त्यानंतर न्हाणीघराचे जलरोधन. त्यावर लादी बसवण्यापूर्वी पाणी भरून किमान २४, शक्यतो ४८ तास ठेवावे आणि खालच्या शेजाऱ्याला छत पाहायला सांगावे. आदर्श उपविधींनुसार न्हाणीघर, सिंक अशा अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संबंधित सदनिकाधारकावर येतो. शिवाय लादी बसल्यावर गळती निघाली, तर सगळे पुन्हा उखडावे लागते. पुढे लादी, छताचे पीओपी, सुतारकाम, पुट्टी आणि रंगाचा पहिला हात, दिवे व नळाच्या तोट्या, रंगाचा शेवटचा हात आणि सर्वांत शेवटी पडदे. लादीवर प्लास्टिक अंथरून त्यावर पीओपीचा पातळ थर दिला, तर सुताराच्या हातून हातोडी पडली तरी ओरखडा येत नाही.

राडारोडा नाल्यात, पदपथावर किंवा मोकळ्या भूखंडावर टाकणे दंडनीय आहे. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. इतर शहरांत प्रभाग कार्यालयात चौकशी करावी. ‘नेऊन टाकतो’ असे मजूर म्हणाला, तरी तो कुठे टाकतो हे विचारणे घरमालकाचे काम आहे.

कारागिरांशी व्यवहार कसा ठेवावा?

काम रोजंदारीवर, मजुरी-दराने की सामानासह उक्ते, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. रोजंदारीत काम लांबते, उक्त्या कामात सामान हलके येऊ शकते. सामान स्वतः आणून मजुरी मोजमापावर देणे हा बहुतेकांना झेपणारा मधला मार्ग आहे. तोंडी ठरलेले सगळे एका कागदावर उतरवावे : कामाची यादी, मापे, सामानाची प्रत, दर, मुदत आणि हप्ते. दोघांच्या सह्या घ्याव्यात. उचल मोठी देऊ नये. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि शेवटचे १० टक्के सगळी दारे-खण नीट चालताहेत हे पाहूनच चुकते करावेत. पक्के बिल घेतल्याने थोडे जास्त पडतात. मात्र ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दाद मागायची वेळ आली, तर तेच बिल पुरावा ठरते.

ठरलेल्या खर्चावर १० ते १५ टक्के राखीव ठेवावेत. जुन्या घरात भिंत उघडल्याशिवाय सडलेला पाइप दिसत नाही. आणि एक पथ्य : काम सुरू झाल्यावर डिझाइन बदलू नये. कापलेले प्लायवुड पुन्हा जोडता येत नाही.

कमी पैशांत घराला घरपण कसे येते?

सगळे एकदम करण्याचा अट्टहास सोडला, तर. ओटा, न्हाणीघर, वीज आणि एक कपाट ही भिंतीत शिरणारी कामे राहायला जाण्यापूर्वी उरकावीत. सोफा, टीव्हीमागची सजावट, खोटे छत यांना थांबता येते. चार-सहा महिने राहिल्यावर चपला कुठे साचतात, ऊन कुठून येते, घरातले सगळे कुठे टेकतात, हे आपोआप कळते. तेव्हा केलेले फर्निचर सहसा चुकत नाही.

जुने सागवानी सामान भंगारात काढण्यापूर्वी सुताराला दाखवावे. आजोबांच्या पलंगाच्या पाट्यांतून बाकडे होते, दारातून टेबल होते. सागाची घडीव फळी आज नव्याने घ्यायला गेल्यास प्लायवुडच्या कैकपट महाग पडते. भौगोलिक मानांकन लाभलेली सोलापुरी चादर दिवाणावर शोभते. नऊवारीच्या काठांचे पडदे, खणाच्या उशा, आजीची गोधडी यांना डिझायनर लागत नाही. पूर्वीच्या घरांतील कोनाडा, फळी, खुंटी आणि पोटमाळा ही मांडणी कमी जागेतच विकसित झाली होती. दाराच्या वरची एक लांब फळी आजही अर्ध्या कपाटाचे काम करते.

कुठे मात्र तज्ज्ञाला बोलवावेच?

भिंत पाडायची असेल, भेग रुंदावत असेल, छतातून गंजलेली सळी दिसत असेल, तर संरचना अभियंत्याला. मंजूर भार वाढवायचा किंवा जुनी वायरिंग बदलायची असेल, तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराला. ज्येष्ठ किंवा अपंग व्यक्तीसाठी न्हाणीघर बदलायचे असेल, घर अगदीच अडनिड्या आकाराचे असेल किंवा नोकरीमुळे कामावर रोज लक्ष ठेवणे शक्य नसेल, तर डिझायनरला. तेव्हाही सगळे काम सोपवणे हाच एक पर्याय नसतो. अनेक डिझायनर फक्त नकाशा आणि सल्ल्यापुरते शुल्क घेऊन काम करतात. हातात स्वतः घेतलेली मापे, गरजांची यादी आणि खर्चाची मर्यादा घेऊन गेलेल्या ग्राहकाला अशा एका भेटीतही पुष्कळ मिळते.